आईची रेषा

३ मार्च, सोमवार
आणलं एकदाचं! प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र — सरांना न विचारता, पिशवीत घालून. तिथे मी दिवसभर लोकांच्या बोटांना चिमटे लावते. ते पडद्यावरचे आकडे जुळवत बसतात, मध्येच हेडफोनमधून किंकाळी येते. आकडा चुकतो, बोटांना घाम सुटतो, यंत्रावरची रेषा टुणकन वर! वर तोंड करून सांगतात, "छे, मी कुठे दचकलो?" रेषेला विचारा म्हणावं.

पक्षाघात झाल्यापासून आई गप्प. सात महिने. शब्द नाही, ओळखीची नजर नाही. डॉक्टर म्हणतात, "कळत असेलही, नसेलही." मला त्यातलं "असेलही" हवंय.

४ मार्च
आईच्या बोटांना चिमटे, कानांना हेडफोन. किंकाळी लावली. चेहरा ढिम्म. पण रेषा — वर! आई आत आहे! तिथेच ढसाढसा रडले. मग पुन्हा लावली. पुन्हा वर!

७ मार्च
किंकाळीची सवय झाली बहुतेक, रेषा लोळायला लागली. आता क्रम बदलते. तान्ह्याचं रडणं, बाईचा हंबरडा, मध्येच बराच वेळ काही नाही — आणि एकदम किंकाळी. ती बेसावध असताना उसळी चांगली येते.

१० मार्च
आज अंगावर काटा आला. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात आईला सांभाळायला ठेवलेल्या मावशी फोनवर बोलता बोलता हसल्या. नाकातून, खुदुखुदु. रेषा इतकी वर गेली की पडद्याबाहेर! कुठल्याही किंकाळीला एवढी गेली नव्हती.

दिवसभर मी कामावर. आई या बाईच्या हवाली. काय करत असतील तिला?

११ मार्च
मुद्दाम मावशींना हसवलं. पुन्हा तेच. तीनदा.

१२ मार्च
मावशींना काढलं. किल्ली ठेवून घेतली.
"ताई, माझं चुकलं काय?"
"आई घाबरते तुम्हाला. यंत्रात दिसतंय."
त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "घाबरल्या का खुलल्या, तेही दिसतं का यात?"
मी दार लावून घेतलं. रेषा फक्त वर जाते. कशानं, ते सांगत नाही. हे रोज लोकांना मीच समजावते — पण काळजी घ्यायला नको?

रजा टाकलीय.

१४ मार्च
घरात आम्ही दोघीच. चिटपाखरू नाही. कपाटातून हेडफोन काढत होते, आवाज अजून लावलाच नव्हता — रेषा सरसर वर. कान देऊन ऐकलं. पंखासुद्धा बंद. पलंगाखाली वाकून पाहिलं, दारामागे पाहिलं. कुणी नाही. मला ऐकू न येणारं काय ऐकते ही?

१५ मार्च
आज दोनदा तसंच. शांततेत. या खोलीत पाठ भिंतीला लावून बसते हल्ली.

१६ मार्च, रविवार
आईला चिमटे लावून बाहेरच्या खोलीत हेडफोन पुसत होते. आतून मावशींचं हसणं आलं. नाकातून, खुदुखुदु. किल्ली तर माझ्याकडे!

दार ढकललं. आत फक्त आई. छताकडे बघत ती हसत होती. आई!

मग तिची नजर वळली. माझ्यावर, मग माझ्या हातातल्या हेडफोनवर. हसू विझलं.

रेषा वर. वर. पडद्याबाहेर.