दहा ते सहा मिस कॉल बंद

नांदे, ता. मुळशी
तुळशीचं लग्न उरकल्यावरचा मंगळवार, २००९

तीर्थरूप चंद्राअक्काच्या पायांवर धाकट्या कुशाबाचं टोपी काढून डोकं. इकडं आम्ही दोघं उठती-फिरती आहोत. तुझ्या गुडघ्याचं कळव. तेल चोळतेस की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपतेस? (शारदा, हे पत्र तूच वाचून दाखवणार, तेव्हा कंसातलं तुझ्यासाठी. तुझी सासू मध्येच उठून चुलीकडं निघाली तर तिला बसव. महत्त्वाचं खाली आहे.)

गेणबा वेल्ह्याच्या बाजारातून आला आणि भर चौकात तुझा निरोप ओरडून सांगितला, "कुशाबा, तुझी भैन इचारतीया, कुशा जिता हाय का न्हाई?" लोक माझ्याकडं टक लावून बघायला लागले. तर अक्के, मी जिवंत आहे आणि तुझ्यावर रागावलेलोही नाही. तू रोज सकाळी जनावरं सोडून झाली की एक रिंग देतेस, म्हणजे तू बरी. मी उलट एक रिंग देतो, म्हणजे मी बरा. हा आपला नेम मी मोडला, एवढंच नाही तर तुझी रिंग वाजताक्षणी कापली. का कापली ते फोनवर सांगता आलं असतं, पण दिवसभर माझा फोन माझ्या ताब्यात नसतो आणि तो मोकळा होतो तेव्हा तू बॅटरी वाचावी म्हणून तुझा बंद करून डब्यात ठेवतेस.

आमच्या वरच्या खोलीत सुलक्षणा आणि दयानंद हे जोडपं भाड्यानं राहतं, तुला ठाऊक आहे. (दिवाळीला अक्काला चकल्या वाढल्या तीच.) दोघं हिंजवडीला कॉम्प्युटरवर. तिला आठवा लागलाय. रस्ता असा की धडधाकट माणसाची आतडी जागा बदलतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी जाणं-येणं बंद केलं आणि तिच्या साहेबानं घरूनच काम करायची परवानगी दिली. अट एकच, इंटरनेट सारखं चालू पाहिजे. ते टेलिफोनच्या तारेतून यायचं. शेजारच्या प्लॉटवर बिल्डरचं खोदकाम निघालं आणि पहिल्याच दिवशी ती तार मातीसकट ट्रकमध्ये गेली.

पोरगी घाबरीघुबरी होऊन खाली आली. साहेबानं बजावलं होतं, नेट नसेल तर ऑफिसात येऊन बसा, नाहीतर आत्तापासून बिनपगारी रजा घ्या. रजा घेतली की एकट्या दयानंदच्या पगारात खोली परवडत नाही, म्हणजे चालली परभणीला. तिथं आई नाही, भावाच्या संसारात पाहुणी म्हणून राहायचं तिच्या जिवावर येतं, म्हणून तर तिनं बाळंतपण आमच्याकडं ठरवलंय. भाडं नको म्हणालो तर माझ्यावरच डोळे वटारले. आणि आमच्या गोजरानं तर डिंक, खारीक, खोबरं केव्हाच भरून ठेवलंय. आपल्याला मुलगी नाही, हे ती कधी बोलत नाही. पण डिंकाचा डबा दिवसातून चारदा उघडून बघते. माझा जीव थाऱ्यावर राहीना. घरात बसवेना, रानात गेलो तर तिथंही करमेना.

तेवढ्यात सुलक्षणाची नजर माझ्या खिशाकडं गेली. आमच्या पोरानं, साहिलनं, नवा घेतला तेव्हा त्याचा जुना स्मार्टफोन मला दिला होता. मी त्यात वेळ बघतो. ती म्हणाली, बाबा, ह्याच्यात इंटरनेट आहे, केबल लावली की माझ्या कॉम्प्युटरला मिळेल. म्हणजे आपली विहीर आटली की शेजारच्या विहिरीतून पाइप टाकतो, तसंच. (शारदा, अक्काला हे लगेच कळेल, तू विचार करत बसू नको.) मात्र रेंज मिळे फक्त आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी, आणि केबल हातभर. म्हणून कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, गोजराच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. साहेब बंगलोरहून तिच्या साध्या फोनवर बोलतो, कसला आवाज म्हणून विचारतो, आणि ही शांतपणे सांगते, बाहेर बांधकाम चाललंय. मागं गोजरा खलबत्त्यात ठेचा कुटत असते.

पण अक्के, फोन वाजला की नेट जातं. मग पुन्हा जोडायचं, तोवर तिचं अर्धं काम वाहून गेलेलं. मी घरोघर फिरून सांगितलं, दहा ते सहा मला कुणी फोन करायचा नाही. लोकांचा अडला-नडला निरोप पोचावा म्हणून वर माझ्याच डोक्यानं एक सोय जोडून दिली: फार गरज पडली तर नुसता मिस कॉल द्या! मिस कॉल उचलायचा नसतो, त्याला पैसे पडत नाहीत, मग त्यानं काय बिघडणार, असा माझा हिशोब. गावानं तो इतका मनावर घेतला की पूर्वी न करणारेही द्यायला लागले. मोटारीची लाईट आली की हैबतरावाचा मिस कॉल, गेली की पुन्हा. दळण झालं की गिरणीवाल्याचा. दुधाची गाडी फाट्यावर आली की गाडीवाल्याचा. आणि एक हैबतरावाचा ज्यादा, "म्हटलं बगावं, मिस कॉल चालतोय का." सुलक्षणा चार वेळा जोडायची, पाचव्यांदा मान खाली घालून बसायची. एका संध्याकाळी ती वर कपड्यांची बॅग भरताना गोजराला दिसली. मग गोजरानं माझी जी काढली ती लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरलो. वाजणं आणि उचलणं यात नेटला फरक कळत नाही, हे एकेकाला पटवताना घसा बसला. "पर मी तर पैलीच रिंग वाजली की कापतुया!" हैबतराव मोठा उपकार केल्यासारखा म्हणाला. शेवटी त्यानं बायकोचं लाल लुगडं मोटारीच्या खांबाला बांधायचं कबूल केलं: लाईट आली की वर, गेली की खाली. खिडकीतून मला दिसतं. (त्याची बायको माझ्याशी बोलत नाही.) गिरणीवाला पोत्यावर खूण करून ठेवतो. दूधवाला हॉर्न देतो. आता फोन वाजवणारं माणूस जगात एकच उरलंय आणि ते वेल्ह्याला बसतं. तिथून तुझं लुगडं दिसायचं नाही. मी रोज दहाच्या सुमाराला मिठाच्या बरणीशेजारी बोट रोखून उभा असतो आणि रिंग निघाली की कापतो. उलट रिंग दिली तर नेट पुन्हा जाणार, म्हणून ती देत नाही, अक्के. तू बरी आहेस हे तेवढ्यात कळतं, पण मी बरा आहे हे तुला कळत नाही.

बॅग अजून अर्धी भरलेलीच आहे. गोजरा रोज जाऊन बघून येते.

तुझा धाकटा,
कुशाबा

ता. क. : तेव्हा मागणं असं, की रिंग देण्याऐवजी तूच ये. येत्या रविवारी पोरीचं डोहाळजेवण आहे. ओटी भरायला तिच्याकडचं वडीलधारं माणूस नाही. आठ-पंधरा दिवस राहायच्या हिशोबानं ये, म्हणजे मी बरा की नाही हे तुला समोरच दिसेल.

ता. क. : (शारदा, हे हळू वाच, शेजारीपाजारी ऐकतील.) टेलिफोनची तार परवाच जोडून गेलेत. आम्ही दोघांनी सुलक्षणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की ती वर जाणार, आणि स्वयंपाकघरात बसते म्हणून तर वेळेवर जेवते.

ता. क. : पत्र बंद करत होतो, तेवढ्यात वरच्या खोलीतला टेलिफोन चांगला खणखणीत वाजला. मी खिडकीबाहेर हैबतरावाचं लुगडं बघायला लागलो. गोजरानं ठेचा जोरात कुटायला घेतला. सुलक्षणानं मान वर केली नाही. फोन वाजायचा थांबल्यावर म्हणाली, "आई, बांधकाम जरा हळू," आणि ताटली पुढं केली. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकायला मला आत्ताच हाक आली आहे.