सुविधा उपलब्ध आहे

प्रिय ठमाबाई,

तुझ्या चिंगीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून महिनाअखेरीस राजीनामा देतेस, असं तू फोनवर म्हणालीस आणि मी ‘तुझी मर्जी’ म्हणून फोन ठेवला. ज्या तोंडाने तीन सचिवांना रजेवर पाठवलं, त्या तोंडाला कुलूप लागलेलं ऐकून तू चक्रावली असशील. बोलवेना, म्हणून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलंय. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर असत्या तर बोटांवर पट्टी बसली असती.

तू आता ज्या इमारतीत नोकरीला आहेस, तिथलं तुझ्या दोन मजले खालचं माझं टेबल आठवतं का? त्याच्याखाली तू चार वर्षं काढलीस. पाठकोऱ्या कागदांवर हत्ती काढायचीस, आणि साहेब आले की मी पायाने ढोसायचे, मग चिडीचूप. एकदा नेमकी त्यांच्यासमोर शिंकलीस. मी नाकाला रुमाल लावून म्हटलं, माफ करा, सर्दी झालीय. साहेब म्हणाले, बाई, तुमच्या सर्दीचा आवाज फार नाजूक आहे हो.

त्याच टेबलावर मी बायकांचा तक्ता जन्माला घातला. सरकार जो खर्च करतं त्यातला बायकांच्या वाट्याला किती येतो, ते प्रत्येक खात्याने अंदाजपत्रक करण्याआधी लिहून द्यायचं. मला वाटलं, आकडा समोर आला की माणसाला लाज वाटेल. कसली लाज अन् कसलं काय! खात्यांनी अंदाजपत्रक आधी उरकलं आणि तक्ता मागाहून भरला. रस्तेवाल्यांनी लिहिलं, बायका निम्म्या, म्हणून निम्मा रस्ता बायकांचा. कुठला निम्मा, डावा की उजवा, असं मी भर बैठकीत विचारलं. सगळे पोट धरधरून हसले आणि तक्ता मंजूर केला. डोक्यावर ओझं घेऊन त्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या बाईला पाऊल टाकायला जागा आहे का, हे विचारायला त्यात रकानाच नव्हता. तो मीच ठेवला नव्हता.

त्या तक्त्यात एकच ओळ मी भांडून मिळवली होती. आपल्याच इमारतीत पाळणाघर. तळमजल्यावर खोली मिळाली, भिंती पिवळ्या रंगवल्या, सहा पाळणे आले. सांभाळणारी बाई नेमायची तेवढी राहिली. मार्च संपत आला तसे साहेब म्हणाले, बाई, ‘सुरू आहे’ असं प्रमाणपत्र लिहून सही ठोका, नाहीतर निधी परत जाईल. जूनमध्ये पोरांच्या रडण्याने तुम्हीच वैतागाल. मी सही केली. जूनमध्ये त्या खोलीत जुन्या फायली आल्या. पाळण्यांतसुद्धा फायली, अगदी आडव्या, झोपवल्यासारख्या.

आमच्याकडची पद्धत अशी की मागच्या वर्षीचा तक्ता काढायचा आणि साल बदलायचं. मी साल बदललं. तिसऱ्या वर्षी ती ओळ खोडायला पेन उचललं, तर साहेबांनी शांतपणे विचारलं, म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही खोटं लिहिलंत का, बाई? अख्ख्या ऑफिसला धारेवर धरणारी मी, पेन खाली ठेवलं. नोकरी होती, तू होतीस. अकरा वर्षं, अकरा सह्या. त्यातल्या पहिल्या चार केल्या तेव्हा तू माझ्या पायाशी हत्ती रंगवत होतीस.

पाळणाघरासाठी तू अर्ज केला होतास, हे मला मंगळवारी तुझं पाकीट आलं तेव्हा कळलं. आत चिठ्ठी नाही, ख्यालीखुशाली नाही. नुसता नामंजूर झालेला अर्ज आणि त्यावर शेरा, ‘सुविधा उपलब्ध आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’ प्रमाणपत्र माझ्याच वेळचं, अजून तेच जोडतात, आणि खाली माझी सही, सिस्टरांनी घोटून घेतलेली, वळणदार. तू ती ओळखलीस. म्हणूनच एक अक्षर लिहिलं नाहीस. मी खोटं लिहिलं होतं, असा माझा जबाब सोबत ठेवलाय. अर्जाला जोड. काही होणार नाही, निवृत्त बाईचा कागद कुठे जातो ते मला ठाऊक आहे. त्याच पिवळ्या खोलीत. पण राजीनामा देऊ नकोस. मी घराला कुलूप लावून रविवारी साडेअकराच्या गाडीने येते आहे. गुडघे चालतील तोवर चिंगीला मी बघेन. मग ती नोकरीला लागेल तेव्हा तिचं पोर तू बघशील, आणि तक्त्यात दर मार्चला कुणीतरी नुसतं साल बदलत राहील. या वर्षापुरतं तरी त्यांनी लिहिलेलं खरं ठरेल. सुविधा उपलब्ध आहे. त्या सुविधेला स्टेशनवर घ्यायला ये, बॅग जड आहे.

तुझीच, जिची सही तू ओळखलीस ती,
आई