कारखान्यातून आलेला निळा

चिरंजीव धाकटेराव,

सप्रेम तक्रार. तू पाठवलेल्या गिटारने माझी आरामखुर्ची बळकावली आहे. तुझ्या वहिनीकडे दाद मागितली, तर म्हणते, "तुम्ही तरी त्या खुर्चीत घोरण्यापलीकडे कोणता सूर लावता?"

गिटारबरोबर तुझा निरोप होता, ‘विकून टाक, मला नको.’ म्हणून आज जुन्या वाद्यांच्या दुकानदाराला घरी बोलावलं. त्याने पुढचं प्लास्टिकचं झाकण काढून खालचा रंग पाहिला. हा हिरवट निळा कारखान्यातलाच, मागून दिलेला नाही; अशा गिटारी फार थोड्या निघाल्या होत्या म्हणे. मी जन्मभर शिकवलेल्या संस्कृतात निळ्याला पुष्कळ शब्द आहेत, पण याला एकही पुरेना, तेव्हा मी नुसती मान डोलावली. मग त्याने गिटार उलटी केली. पाठीवर बकलचा एकही ओरखडा नाही. वाजवण्याआधी तू कमरेचा पट्टा काढून ठेवायचास आणि कोणी आलं की एका हाताने पँट सावरत दार उघडायचास, ते मी त्याला सांगितलं. तो हसला नाही.

"कधी गेले?" त्याने हळूच विचारलं. "माणूस असताना अशी वस्तू घराबाहेर पडत नाही हो."

"ठणठणीत आहे माझा भाऊ," मी म्हणालो आणि त्याला वाटेला लावलं.

तेव्हापासून तुला फोन लावतो आहे. तू उचलत नाहीस. हे पत्र पोचेपर्यंत थांबायचा धीर मला नाही, म्हणून ते इथेच टेबलावर ठेवून, गिटार घेऊन तुझ्याकडे निघतो आहे. मला भीती वाटते, बाळा, की तू शेवटची आवराआवर करतो आहेस.

तुझा,
दादा