कोरड्या बोअरवेलच्या पाटीवरील माझ्या नावाबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
विज्ञान महाविद्यालय

विषय : वसतिगृहामागील बोअरवेलच्या पाटीवरून माझे नाव उतरविणेबाबत.
संदर्भ : माझा भूजल सर्वेक्षण अहवाल (आपल्या टेबलावर चहाच्या कपाखाली असलेला).

महोदय,

मी आपल्या महाविद्यालयात भूजलशास्त्र शिकवतो व या महिनाअखेर निवृत्त होत आहे. त्यापूर्वी पुढील बाब आपल्या कानावर घालणे भाग आहे.

१. वसतिगृहासाठी पाणी शोधण्याचे काम आपण मजकडे सोपविले होते. आवारभर खुंट्या ठोकून, खडकाची तपासणी करून मी लेखी कळविले की, पाणी आपल्या गाडीच्या शेडखाली आहे. वसतिगृहामागे नुसता अखंड खडक आहे. शेड हलविल्यास गाडी उन्हात तापेल, या शास्त्रीय कारणास्तव आपण वसतिगृहामागेच खोदकाम करविले. त्यातून भरपूर धूळ निघाली.

२. तरीही उद्घाटन ठरल्या दिवशी झाले. मंडपामागे टँकर लपवून त्याचा पाइप नळाला जोडला होता. पाहुण्यांनी बटण दाबले, पाणी आले, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत टँकर रिकामा झाला. तेवढ्यात पडदा सरकवून दगडी पाटी दाखविण्यात आली. तीवर माझे नाव व पुढे 'यांच्या मार्गदर्शनाखाली' असे कोरलेले होते. मी तोंड उघडेपर्यंत फोटोही निघाला.

३. तेव्हापासून वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई रिकामी बादली घेऊन मला वाटेत गाठतात. म्हणतात, "सर, बोअर तुमच्या नावाची आहे, तुम्हीच समजवा तिला काहीतरी." तोंडी परीक्षेत एका विद्यार्थिनीने उलट मलाच विचारले, "एवढं सगळं येतं, तर तुमची बोअर कोरडी कशी?" तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले. आमच्या घरातून तर हा प्रश्न रोज जेवताना येतो, आणि तिथे गुण देऊनही सुटका नाही.

४. महोदय, थट्टा बाजूला ठेवतो. 'इथे पाणी नाही' हे तोंडावर सांगता येणे, ही माझ्या विद्येची निम्मी कमाई आहे. त्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण खोटे पाणी कोणाला दाखविले नाही. जाता जाता नेमके तेच माझ्या नावावर कोरले गेले, याचे मला फार वाईट वाटते.

५. पाटी काढल्यास बोअर कोरडी असल्याची कबुली दिल्यासारखे होईल, असे आपल्या कार्यालयाचे म्हणणे समजले. मान्य आहे. पाटी राहू द्यावी, नावही राहू द्यावे. मात्र 'यांच्या मार्गदर्शनाखाली' हे खोडून तेथे 'यांचे न ऐकता' असे कोरावे. थोडी जागा उरेल. तेथे आपल्या गाडीच्या शेडकडे एक बाण काढावा.

महिनाअखेरपर्यंत आपलाच नम्र,
(सही)
प्राध्यापक, भूजलशास्त्र

सोबत : अहवालाची प्रत, पुन्हा एकदा.