यंदा काय सोडलं

प्रिय ताई,

ईस्टरआधीच्या उपवासकाळात देवासाठी आवडती गोष्ट सोडायची असते. चहा सोडणं मला अगदीच किरकोळ वाटलं, म्हणून यंदा तुझ्याशी फोनवर बोलणं सोडलं. चाळीस दिवस. तुला सांगितलं नाही, कारण उपवासाचा गाजावाजा करू नये.

तिसऱ्या गुरुवारी तुझा फोन तीनदा वाजला. मी भांडी घासत होते. हात पुसून फोन पालथा ठेवला आणि स्वतःवरच खूश झाले.

शुक्रवारी भाऊजींनी फोन करून तू गेल्याचं सांगितलं. त्यांचा फोन मी लगेच उचलला होता.

ईस्टरला चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, "यंदा काय सोडलंत?"

मी म्हटलं, "चहा."

"मग आता घ्या की पोटभर!"

मी दोन कप प्यायले.

तुझी,
धाकटी