विकलेल्या गायींचा मुद्दा

बाई, तुमच्या त्या तांबूस वळूच्या गोठवलेल्या रेतमात्रा, वीर्याच्या त्या बारीक नळ्या, अजून शिल्लक आहेत. द्रव नत्राच्या टाकीत, तळाच्या एका कप्प्यात, इतकी वर्षे कोणी न मागितलेल्या. जुनी टाकी मोडीत काढायची ठरली तेव्हा त्या हाती लागल्या, आणि त्या वापरायच्या की नष्ट करायच्या याचा निर्णय करण्यासाठी केंद्राने मला बोलावले. कारण सरळ होते. तो वळू डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे. तुम्ही त्या पशुपैदास केंद्राच्या प्रमुख होतात आणि मी तुमचा सहायक होतो, हेही तिथे मलाच सांगावे लागले. स्वतःविषयीची साक्ष स्वतःच देताना ती फार अपुरी वाटते.

आपला वाद तुम्हाला आठवत असेलच, तरी रीतीप्रमाणे तो पुन्हा मांडतो. आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून नेटके मांडावे आणि मग खोडावे, ही सवय मला माझ्या वकील वडिलांनी लावली होती आणि तुम्ही ती सुटू दिली नाहीत. वळूची पारख त्याच्या देहावरून होत नाही, त्याच्या मुलींच्या दुधावरून होते, आणि त्या मुली जन्मून, वाढून, विऊन दूध देईपर्यंत वर्षे जातात. तुमच्या वळूच्या मुलींनी पहिल्या वेताला इतरांपेक्षा कमी दूध दिले, म्हणून समिती त्याला बाद करायला निघाली. तुमचे म्हणणे असे की पहिल्या वेतावर निकाल देणे घाईचे आहे. त्याच्या मुली पाचव्या वेतापर्यंत टिकतात, त्यांची कास क्वचित सुजते, आणि आजारी न पडणारी गाय आयुष्याच्या हिशोबात इतरांच्या पुढे जाते. माझा आक्षेप एकच होता. पाचव्या वेताला पोचलेल्या गायीच तेवढ्या तुम्ही पाहत होतात. ज्यांची कास बिघडली त्या शेतकऱ्याने केव्हाच बाजारात नेऊन विकल्या. दावणीला उरल्या त्या निरोगी दिसतात, कारण बिघडलेल्या उरलेल्याच नाहीत.

हा आक्षेप मी समितीत घेतला नाही. तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, दोघेच असताना घेतला. तुम्ही ओट्यावर स्टीलच्या वाट्या मांडून बसला होतात. प्रत्येक वाटीत एकेका सडाचे दूध, त्यात तेवढेच धुण्याच्या पावडरीचे पाणी. वाटी गोल फिरवायची. दूध बुळबुळीत, घट्ट झाले तर वरून धड दिसणाऱ्या त्या कासेत आतून दाह सुरू झालेला आहे. ओळीतली तिसरी वाटी घट्ट होत होती आणि मी बोलत होतो. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग वाटी खाली ठेवून विचारलेत, "हे मघाशी सगळ्यांच्या देखत का नाही बोललास?" मी म्हणालो, तुमचा मान राखायचा होता. तुम्ही हात धुतलेत, चहाचे आधण ठेवलेत आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणालात, "मान राखायचाच असेल तर गायीचा राख. माझा राखून कुणाची कास बरी होत नाही." चहा तशाच एका वाटीत आला. ती धुतलेली होती याची खात्री तुम्ही दिली नाहीत आणि मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आपण विकलेल्या गायी शोधायला निघालो. माझ्या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर तेवढा एकच मार्ग होता, आणि तो तुम्ही माझ्याच गळ्यात घातलात. इस्लामपूरच्या बाजूला विकलेली गाय व्यापाऱ्यामागून व्यापारी करीत कुठे पोचेल याचा नेम नसे. कित्येकींच्या कानांतले बिल्ले नव्या मालकांनी कापून टाकलेले असत. कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवर आपण उभे आहोत. ज्वारीची काटणी झाली आहे, अंगणात कडबा रचलेला आहे. गोठ्यातल्या तांबड्या गायीच्या कानात आपला बिल्ला शाबूत आहे, आणि गोठ्याची मालकीण गाय आणि आपण यांच्या मध्ये उभी आहे. "आवं, इकत घेतल्याली हाय, चोरून आणल्याली न्हाई," ती म्हणते. मी सरकारी भाषेत काहीतरी सुरू करतो. तुम्ही मला थांबवता, चप्पल काढून गोठ्यात जाता आणि तिच्याशी तुमच्या माहेरच्या बोलीत बोलू लागता.

"व्हय गं, म्हाइत हाय. हिचा बाप आमच्याकडं हुता. म्हणून लेकीला बघाय आलोय."

ती बाई एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघते. "आन् लेकीच्या घरी मोकळ्या हातानं आलाय व्हय?"

त्यानंतर भुईमुगाच्या पेंडीचे पोते जीपमध्ये टाकल्याशिवाय तुम्ही एकाही गायीच्या दारी गेला नाहीत. सरकारी कागदांत त्या पेंडीला काय म्हणावे हे मी बराच वेळ ठरवू शकलो नाही. शेवटी 'नमुना संकलनासाठी आवश्यक साहित्य' असे लिहिले. माझ्या वाक्यरचनेला तुम्ही मनापासून हसलात असा तो एकमेव प्रसंग.

शोधातून काय निघाले? काही गायी खरोखरच कास बिघडल्याने विकल्या गेल्या होत्या, हा माझा मुद्दा. काही केवळ तांबड्या निघाल्या म्हणून विकल्या होत्या, कारण गिऱ्हाईक काळ्या-पांढऱ्या गायीला होते. त्या नव्या घरी उत्तम होत्या, हा तुमचा मुद्दा. बऱ्याचशा सापडल्याच नाहीत, आणि त्या कोणाच्याच मुद्द्याच्या नव्हत्या. निष्कर्ष निघेना, तेव्हा वळू बाद झाला. तुम्ही निवृत्त होऊन सांगलीला गेलात. तिथे शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि आवाज फार खाली गेला होता. मी प्रकृतीविषयी विचारले. उलट तुम्हीच विचारलेत, "तुझा आक्षेप अजून आहे का?" मी आहे म्हणालो. "असू दे," म्हणालात आणि डोळे मिटलेत. त्या दोन शब्दांचा अर्थ मी अनेक प्रकारे लावून पाहिला आहे. कोणताही एक सिद्ध करता येत नाही.

त्यानंतर मी केंद्राचा प्रमुख झालो, निवृत्त झालो, मलकापूरला राहायला आलो. पत्नी गेली. मुलगी बंगळुरूला आहे. ती फोनवर माझ्या प्रत्येक म्हणण्याला लगेच हो म्हणते, म्हणजे बोलणे लवकर संपते. लोक माझ्याशी सौजन्याने वागतात. माझे बोलणे चुकीचे आहे हे दाखवण्यासाठी उन्हातान्हात जीप घेऊन निघणारे मात्र तुमच्यानंतर कोणी भेटले नाही.

आता परवाची बैठक. केंद्रात नवी मुले-मुली आहेत, हुशार आहेत. गायींच्या गळ्यांत पट्टे आहेत. कोणती गाय कमी रवंथ करते, कोणती माजावर आली, हे त्यांच्या फोनवर कळते. त्यांनी तुमच्या वळूची एक रेतमात्रा खर्चून त्याची जनुकीय तपासणीही करून घेतली होती. उत्तर असे आले की त्याच्यासारख्या जनावरांची माहिती तुलनेला फारशी उपलब्ध नाही, सबब भरवशाचे काही सांगता येत नाही. मग एकच वाट राहिली, तुमची जुनी. त्या मात्रांनी निवडक गायी भरवायच्या, म्हणजे गाभण करायच्या, कालवडी होऊ द्यायच्या आणि त्यांच्या पाचव्या वेतापर्यंत थांबायचे. मी ती वाट मांडली. शिस्तीने मांडली. त्या काळच्या ज्या मुली पाचव्या वेतापर्यंत दावणीला राहिल्या त्यांच्या कासा किती निरोगी होत्या हे सांगितले, आणि वळूला दुसरी संधी देण्यास एवढे पुरेसे आहे असा निष्कर्ष काढला. मग थांबलो. पंखा फिरत होता. अध्यक्षस्थानी असलेली मुलगी हसून म्हणाली, "सर, तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच." ठराव झाला. पुढच्या माजाला गायी भरवायच्या. कोणीतरी माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला.

माझ्या मांडणीत काय राहिले होते हे तुम्हाला एव्हाना दिसले असेल. विकलेल्या गायी. ज्या आक्षेपावर मी तुमच्याशी उभा जन्म भांडलो, तोच मी गाळला होता. मी तो मुद्दाम गाळला. त्या खोलीतल्या एखाद्याने बोट ठेवावे, 'सर, आणि विकलेल्यांचे काय?' असे विचारावे, म्हणून जागा मोकळी ठेवली. कोणी विचारले नाही. तेव्हा नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी मीच केंद्राला कळवले की माझा युक्तिवाद सदोष आहे, तो कसा सदोष आहे, आणि ठरावाचा फेरविचार व्हावा. तासाभरात उत्तर आले. माझा मुद्दा नोंदवून घेतला आहे, मार्गदर्शन असेच राहो, आणि ठराव कायम आहे. म्हणजे तुमच्या वळूच्या मुली जन्मतील, बाई. त्या पाचव्या वेताला येतील तेव्हा निकाल ऐकायला मी असण्याचा संभव नाही, आणि निकाल कोणत्या वादाचा आहे हे कोणाला माहीत असण्याचाही नाही.

हा कागद कोणाकडे जायचा नाही, म्हणून एक दुरुस्ती इथेच करतो. मी मुद्दाम गाळला असे वर लिहिले, ते खरे नाही. त्या खोलीत बोलत असताना मला विकलेल्या गायी आठवल्याच नाहीत. घरी परतल्यावर आठवल्या. तिथे बसलो होतो तेव्हा तुम्ही बरोबर ठराव्यात, एवढेच मला हवे होते.