पेढ्यातली गोळी

३ मार्च २००९, सकाळ
मंदा आज खडकीला बहिणीकडे गेली. चार दिवस कुत्रा माझ्या ताब्यात. नाव बाळ (तिनेच ठेवलंय). पोटात जंत झालेत. डॉक्टर मकबूल यांनी तीन गोळ्या दिल्यात. रोज एक, पेढ्यात दडवून. अहो, पेढे बाळचे आहेत, तुमचा डायबेटिस लक्षात ठेवा, असं ती दोनदा म्हणाली. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

दुपार
गोळ्यांचं पाकीट वाचलं. तीस वर्षं मास्तरकी केली, वाचल्याशिवाय राहवत नाही. सक्रिय घटक एकच, लांबलचक नावाचा. बाकी स्टार्च, लॅक्टोज, रंग: निष्क्रिय. डॉक्टरांना फोन करून खात्री केली. म्हणाले, बरोबर, ते नुसते गोळी बांधायला. म्हणजे पेढाही निष्क्रियच! आणि निष्क्रिय पदार्थाने शुगर वाढेल कशी? लॉजिक पक्कं. पेढा मी खाल्ला. बाळला नुसती गोळी दिली.

४ मार्च
आजही तसंच. बाळने गोळी घेतली बहुतेक. तोंड तरी मिटलं. जरा चुकल्यासारखं वाटतंय. उद्यापासून शिस्त.

५ मार्च
अर्धा पेढा बाळला द्यायचं ठरवलं. कुठला अर्धा, हे ठरेपर्यंत संपला. गोळी आजही नुसतीच दिली.

६ मार्च
बाळ ओकला. त्यात जंत, वळवळणारे. जेवणाला तोंड लावत नाही. पुसायला सोफा सरकवला, तर खाली तिन्ही गोळ्या. मंदाचा फोन आला, बाळ कसा आहे? म्हणालो, मजेत. जीभ कशी वळली देव जाणे. गोळ्या खिशात टाकल्या. शी! लाज वाटते.

७ मार्च, संध्याकाळ
मंदा आली, बाळला बघून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या पोटात गेल्या ना? मंदा म्हणाली, हो तर, हे स्वतः देत होते. डॉक्टर म्हणाले, मग गोळी लागू पडली नाही, कडक औषध द्यावं लागेल. अशक्त आहे, झेपेल का सांगता येत नाही. इंजेक्शन भरायला लागले. मी खिशात हात घातला. तिन्ही गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवलं, नव्या गोळ्या दिल्या. मंदाने एवढंच विचारलं, पेढे बाधले नाहीत ना तुम्हाला?

घरी तिने साध्या पोळीच्या तुकड्यात गोळी दिली. बाळने गपकन गिळली. मग धडपडत उठला आणि शेपूट हलवत माझ्याच पायाशी येऊन झोपला. मला त्याच्याकडे बघवेना.